हात लावला की जागा होणारा डबा

करुणा,

परवा धावड्याला तुझा जलदान विधी झाला. विहारापुढे मांडव होता, पांढऱ्या कपड्यांतली माणसं होती, आणि तुझा तो फोटो होता, जो तुला कधीच आवडला नाही. वंदना झाल्यावर बोलायला उठलेल्या एका गृहस्थांनी कुठून तरी ऐकलं होतं, की तू संगणकाच्या झोपण्या-उठण्यावर काम करायचीस. ते म्हणाले, "यंत्रांना जागं करणारी आमची लेक स्वतः मात्र कायमची झोपली." बाया हळहळल्या. मागं कुणाला तरी रडू फुटलं. मी तुझ्या वडिलांकडे, गुरुजींकडे बघितलं. ते खाली सतरंजीकडे बघत होते.

तू असतीस तर चपला घालून बाहेर गेली असतीस. तुझ्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी मीच असलं काहीतरी बोलले होते, तेव्हा तू मला झापलं होतंस. "झडप म्हणजे झडप आन् टायमर म्हणजे टायमर. उगं एकाला दुसऱ्याचं नाव नको देऊ." तेव्हा ते मी इथे करणार नाही. जे झालं ते सांगते. बहुतेक तुला माहीत आहे. शेवटचं तेवढं माहीत नाही.

संभाजीनगरला कॉलेजात आपण एका खोलीत आलो ते जिल्ह्यामुळे. रेक्टरबाई म्हणाल्या, दोघी जालन्याच्या ना, मग राहा एकत्र. मी कुंभार पिंपळगावची, तू धावड्याची, म्हणजे जिल्ह्याची दोन टोकं. माझी आई पहिल्यांदा खोलीवर आली तेव्हा तिनं तुला आडनाव विचारलं. तू ते सरळ सांगितलंस आणि तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवलास. आई जराशी थांबली. मग प्याली. पुढे ती तुझ्यासाठी दरवेळी धपाटे वेगळे बांधून द्यायची, तूही ते खायचीस, पण त्या थांबण्याबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. मला बोलायचं होतं. तू विषय काढशील म्हणून मी वाट बघत राहिले आणि तूही बहुतेक तेच करत होतीस.

तिसऱ्या मजल्यावर खोली होती. प्रत्येक मजल्यावर तू बुटाची लेस बांधायला थांबायचीस. पायात सँडल असायचे. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली, हे तू मला वर्षभरानं सांगितलंस, तेही परीक्षेच्या रांगेत, हॉल तिकीट शोधता शोधता.

नंतर पुणं झालं, नोकऱ्या झाल्या, तुझं पहिलं ऑपरेशन झालं, आणि दोघी फिरून जालन्यात आलो. नवीन जालन्यात बियाण्यांच्या दुकानावरची ती खोली. खाली टेम्पोतून पोती उतरायची, वर आपण आपापल्या कंपन्यांचं काम करायचो. दोघींचं काम एकाच ठिकाणचं, कर्नेलमधलं. संगणक चालू झाला की जो भाग बाकी सगळ्यांना कामं वाटून देतो, त्याच्या पोटात. गुरुजी एकदा खोलीवर आले होते. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "करू, तू नक्की करती काय गं?"

"प्रोसेसरला काम नसलं की त्याला झोपवायचं, बाबा. आन् टायमावर उठवायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

"त्याला इंजिनेर लागती?"

"झोपवायला न्हाई लागत. उठवायला लागती."

गुरुजी हसले. पण ते खरंच तेवढंच होतं आणि तेच अवघड होतं. हलकी झोप असली तर प्रोसेसरचं स्वतःचं घड्याळ चालू राहतं, ठरल्या वेळी तेच त्याला उठवतं. गाढ झोपेत बॅटरी खूप वाचते, पण ते घड्याळसुद्धा थांबतं. म्हणून गाढ झोपण्याआधी त्यानं बाहेरच्या, कधीही न थांबणाऱ्या एका दुसऱ्या टायमरला सांगून ठेवायचं असतं, की अमुक वेळी मला उठव. ही सोपवासोपवी तू लिहायचीस. तुझ्या कंपनीच्या डब्यात तीच होती.

डबा म्हणायचो आपण त्याला. प्राथमिक आरोग्य केंद्रात लशींच्या फ्रीजवर बसवायचा. दर थोड्या वेळानं उठायचं, आतलं तापमान बघायचं, गरम होऊ लागलं तर सिस्टरच्या मोबाईलवर मेसेज पाठवायचा आणि पुन्हा झोपायचं. लाईट असताना तो हलकाच झोपायचा. लाईट गेली आणि बॅटरीवर आला, की गाढ.

उन्हाळ्यात वावटळ सुटली आणि भोकरदनच्या अंगाला विजेच्या तारा तुटल्या. शनिवार-रविवार मधे आला. तिकडच्या एका केंद्रातला फ्रीज गरम होत गेला, होत गेला, आणि तिथल्या शारदा सिस्टरच्या मोबाईलवर काहीच आलं नाही. सोमवारी सकाळी त्यांनी केंद्र उघडलं तोवर लाईट आलेली होती, फ्रीज पुन्हा गार झाला होता. डब्याचा पडदा काळा होता. त्यांनी बटण दाबलं, पडदा लागला, तापमान बराबर दाखवलं. दुसरी कुणी असती तर तिथंच सोडून दिलं असतं. त्यांना शंका आली, त्यांनी लशीच्या कुप्यांवरच्या, उष्णता लागली की बदलणाऱ्या खुणांचा रंग बघितला, तो बदललेला होता. त्यांनी स्वतः वर कळवलं. त्यातली एकही लस एकाही लेकराला दिलेली नव्हती.

आणि बालंट त्यांच्यावरच आलं. कंपनीनं डब्यातली नोंद काढून बघितली. शनिवारी दुपारपर्यंत डबा चालू, सोमवारी सकाळपासून चालू, मधे काही नाही. म्हणजे कुणीतरी डब्याच्या खालचं, वीजच तोडणारं बटण बंद केलं. केंद्राची किल्ली सिस्टरकडे. झालं.

तुझ्या पुण्याच्या साहेबांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच बसले होते. सॉफ्टवेअर व्यवस्थित आहे एवढं एका ओळीत लिहून दे, म्हणाले. तू म्हणालीस, "आधी बघून येते, सर." ते म्हणाले, बघायचं काय त्यात. तू म्हणालीस, माझ्याच तालुक्यातलं आहे, घरी जाता जाता होईल.

आपण एसटीनं गेलो. शारदाताई केंद्राच्या व्हरांड्यात बसल्या होत्या, कामावरून काढलेल्या माणसासारख्या, अजून काढलेलं नसताना. तू स्वतःचं नाव सांगितलंस, कंपनीचंही. त्या उठून उभ्या राहिल्या.

"मॅडम, मी बंद केला न्हाई. लेकरांची शपथ घेऊन सांगते. मी तर घरी होते, माझ्या सासूला बरं नव्हतं."

"तुम्ही बसा, ताई."

"समदे म्हणून राह्यले, तूच बंद केला, आवाज येतो म्हणून. त्याचा आवाज येतच न्हाई हो."

"मला माहिताय. मीच केलाय तो."

त्या तुझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटतं, तोवर त्यांना तो डबा कुणीतरी माणसानं केलाय हेच सुचलेलं नव्हतं. तू विचारलंस, सोमवारी आल्यावर नेमकं काय काय केलं. त्यांनी सांगितलं. "बटण दाबलं अन् लागला" हे वाक्य तू त्यांना तीन-चारदा बोलायला लावलंस. खालचं बटण बंद असतं तर वरचं दाबून डबा लागलाच नसता. परतताना एसटीत खिडकीपाशी बसून तू एवढंच म्हणालीस, "डबा झोपला असंल, अनू. बंद न्हाई पडला. झोपला अन् कुणी उठवलंच न्हाई."

तुझा चेहरा तेव्हा निळसर दिसत होता. मला वाटलं खिडकीच्या काचेमुळे.

चौकशी जालन्यात होती. तू तसाच एक डबा घेऊन गेलीस, मी सोबत होते. चौकशी अधिकारी माणूस वाईट नव्हता, कामाच्या ढिगाऱ्यात बसलेला होता. तू डबा बॅटरीवर टाकून टेबलावर ठेवलास आणि सांगितलंस, याला कुणी हात लावू नका. त्यांनी ऐकलं आणि बोलता बोलता बटण दाबलं. पडदा लागला. "चालू आहे की," ते म्हणाले.

"बटण दाबलं की तो उठतोच, साहेब. त्याला एकटं सोडावं लागतं."

"किती वेळ?"

"सांगता येत नाही. कधी दुपारभरात होईल, कधी दोन दिवस होणारच नाही."

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. मुद्दाम नाही, लोक दाबतात तसं. मग म्हणाले, "म्हणजे कुणी बघत नसलं की हा बंद पडतो, आणि बघायला गेलं की चालू होतो?"

"हो."

"मॅडम, हे मी अहवालात लिहू?"

मागच्या खुर्चीवर शारदाताई मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या. त्यांना त्यातलं किती समजलं कोण जाणे, पण साहेब हसले ते त्यांना समजलं. तू जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थांबलीस आणि या वेळी लेस बांधायचं नाटकही केलं नाहीस.

मग तो तुझा उद्योग. खोलीतलं टेबल रिकामं केलंस, त्यावर डबा, मागे भिंतीवरचं घड्याळ उतरवून उभं केलेलं, समोर जुना मोबाईल चार्जिंगला लावून सतत चित्रीकरण करत ठेवलेला. डबा जागा झाला की त्याचा बारीक हिरवा दिवा लुकलुकायचा. खोलीला कुलूप लावून आपण खाली बियाण्यांच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर लॅपटॉप घेऊन बसायचो. दुकानदार म्हणाला, "मॅडम, वर खोली असून उन्हात का बसून राह्यल्या?" तू म्हणालीस, "वर एक जण झोपलाय." तो बिचारा नंतर हळू आवाजात बोलायला लागला. तेवढंच एकदा आपण पोट धरून हसलो त्या उन्हाळ्यात.

रोज बघायचो, रोज काही नाही. दिवा लुकलुकतोय, घड्याळ चालतंय. माझाच विश्वास ढळायला लागला होता, तुला बोलून नाही दाखवला. मग एका दुपारच्या चित्रणात दिवा लागला, विझला, आणि पुन्हा लागलाच नाही. घड्याळाचे काटे सरकतायत, खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकतंय, डबा काळा. तू पडद्यावर बोट ठेवलंस. "गेला बघ." आवाजात आनंद नव्हता. चित्रणाच्या शेवटी दार उघडल्याचा आवाज येतो, तुझा हात चौकटीत येतो, बटण दाबतो, पडदा लागतो.

कुठे चुकलं ते शोधायला त्यानंतर फार वेळ लागला नाही. शारदाताईंना तू ते फोनवर सांगितलंस, ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं. "ताई, समजा तुम्ही झोपताना शेजारणीला सांगितलं, मला पाचला उठव. ती चालते हळू. घड्याळापाशी जाईस्तोवर पाच वाजून गेले. मंग ती काय म्हणली? आता पाच व्हायला उद्याच होतील, तव्हा उठवू. अन् गेली निघून." बाहेरचा टायमर असाच होता. मंद, आणि फक्त ठरलेल्या क्षणाशी जुळलं तरच उठवणारा. उठायची वेळ अगदी जवळ आलेली असताना सोपवासोपवी झाली, तर त्याला सांगून होईपर्यंत तो क्षण निघून जायचा. मग तो आख्खी फेरी पुरी करून परत तोच आकडा यायची वाट बघत बसायचा. एरवी कुणी बटण दाबलं, कुठून मेसेज आला, की प्रोसेसर उठायचा आणि चूक झाकली जायची. शनिवार-रविवारी बंद केंद्रात, टॉवरसुद्धा लाईटीवाचून बंद असताना, त्याला उठवणारं कुणीच नव्हतं. नुसती लाईट परत आल्यानं तो उठत नसे.

फोनवर शारदाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं काहीच चुकलं न्हाई ना?"

"बिलकुल न्हाई."

"हे तुम्ही त्यान्ला सांगताल ना, मॅडम?"

"सांगते."

आपलं भांडण झालं ते दोन गोष्टींवरून. पहिलं कोडवरून. मी म्हणाले, या डब्यात गाढ झोप बंदच करून टाक, एका ओळीचं काम आहे. तू म्हणालीस, मग बॅटरी लाईट यायच्या आत संपेल, डबा झोपून मेला काय आन् जागा राहून मेला काय, फ्रीजला काय फरक. मी म्हणाले, निदान मरताना बॅटरी संपतेय असा मेसेज तरी जाईल, एखादा तरी टॉवर चालू असेल. तू म्हणालीस, "चूक कुठंय ते मला दिसतंय, दुरुस्त करता येतंय, तर मी पळून का जाऊ?" तुझी दुरुस्ती छान होती, हे तेव्हाही कबूल केलं होतं. बाहेरच्या टायमरला वेळ सांगून झाल्यावर पुन्हा एकदा त्याचं घड्याळ वाचायचं. वेळ निघून गेलेली असली तर झोपायचंच नाही. चार-पाच ओळी. मी म्हणाले, ही चूक सापडली, हिच्या मागची कुठली आहे ते कुणाला माहीत? तू चिडून म्हणालीस, "तसं म्हटलं तर मंग कशालाच झोपू देऊ नको."

दुसरं भांडण त्याहून वाईट होतं. डॉक्टरांनी झडप पुन्हा बदलायची तारीख दिली होती. चौकशीची पुढची तारीख त्याच आठवड्यात आली. तू ऑपरेशन पुढे ढकललंस आणि मला ते नंतर सांगितलंस.

"डॉक्टरला विचारलं?"

"विचारलं. थोडं थांबता येईल म्हणले."

"चित्रण मी घेऊन जाते. मला काय बोलता येत न्हाई का?"

"तुला येतं. पण कोड माझाय, अनू. त्यान्ला मी करून दाखवते म्हणले, अन् माझ्याच्यानं झालं न्हाई. ती बाई मागं बसली होती."

"तुला धाप लागून राह्यली बसल्याजागी."

"उन्हाळाय."

मी दार आपटून गेले. त्या रागाबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. तुझ्यावर रागावणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं. गुरुजींना तू सांगितलंच नव्हतंस. आणि डॉक्टरांना तू खरंच विचारलं होतंस का, हे मला अजून माहीत नाही. तू गेल्यावर मी त्यांना गाठलं आणि विचारलं, वेळेवर झालं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, त्या झडपेचं दुसऱ्यांदा अवघडच असतं. प्रामाणिक माणूस असावा. त्यांनी हो किंवा नाही यातलं काहीतरी म्हणायला हवं होतं असं मला फार वाटतं.

चौकशीच्या तारखेला अधिकारी रजेवर होते. तुला जिना चढून गेल्यावर कळलं. तिथंच व्हरांड्यात बसलीस आणि उठता आलं नाही. रिक्षातून, मग अँब्युलन्समधून संभाजीनगर. वाटेत बदनापूरच्या पुढे तू डोळे उघडून म्हणालीस, "दुरुस्ती मी कालच पाठवली कर्नेलच्या जाहीर मेल-यादीवर. कंपनीनं दाबली तरी आता दबत न्हाई." मी म्हणाले, गप्प पड. तुझ्याशी शेवटचं नीट बोललेलं वाक्य माझं ते आहे. गप्प पड. पुढे अतिदक्षता विभागात नळ्या होत्या. ऑपरेशन झालं, पण तू त्यातून बाहेर आली नाहीस.

आता तुला माहीत नसलेलं.

चित्रण घेऊन मी गेले. तुला धावड्याच्या मातीत देऊन आले त्यानंतर लगेच. अधिकाऱ्यांना सगळं कळलेलं होतं, ते उभे राहिले, पाणी मागवलं. मी वेग वाढवून चित्रण लावलं आणि मोबाईल त्यांच्यापुढे धरला. दिवा लागला, विझला, काटे सरकले, ऊन सरकलं. त्यांनी घाई केली नाही, ते शेवटपर्यंत बघत राहिले. शेवटी दार उघडलं आणि तुझा हात आत आला. हिरव्या बांगडीचा. मी खिडकीबाहेर बघितलं.

"मला त्या दिवशी समजलं नव्हतं," ते म्हणाले.

आदेश निघाला. दोष सिद्ध होत नाही, पुढे दक्षता घ्यावी. दोष नाही असं नाही, सिद्ध होत नाही असं. मी त्यावर वाद घातला. ते म्हणाले, यंत्राचा दोष आहे असं कंपनी लिहून देत नाही तोवर माझ्या हातात एवढंच आहे. तुझ्या साहेबांना मी फोन केला. त्यांना खरोखर दुःख झालेलं होतं, ते फोनवर रडले. तुझी दुरुस्ती त्यांनी सगळ्या डब्यांत घातलीय, गुपचूप. लिहून द्यायचं म्हटल्यावर ते म्हणाले, ते वरच्यांना विचारावं लागेल. अजून विचारतायत.

शारदाताई जलदान विधीला आल्या होत्या. जेवायला बसल्या नाहीत. नोकरी राहिली आहे त्यांची. पण लसीच्या दिवशी अंगणवाडीत त्या बसतात आणि बाया येत नाहीत. खराब लस टोचली, ही आवई सगळीकडे गेली, आणि दोष सिद्ध होत नाही ही ओळ कुणी दारोदार वाचून दाखवत नाही. "मला बघितलं की लेकराला पदराखाली घेऊन राह्यल्या," त्या मला म्हणाल्या. "त्या मॅडमनं माझ्यापायी जीव घातला अन् हे असं." मी म्हणाले, तुमच्यापायी नाही. त्यांना ते पटलं नाही. मलाही खात्री नाही. पुढच्या वेळी मी त्यांच्यासोबत जाऊन बसणार आहे. काय बोलणार ते ठरलेलं नाही. शेजारणीचं तू सांगितलेलं सांगून बघीन.

आणि ती जाहीर यादी, जिथं जगभरची माणसं एकमेकांचा कोड तपासतात. तुझ्या दुरुस्तीखाली एकाचा प्रश्न आला होता. कोण, कुठला, माहीत नाही. बॅटरी उतरत आलेली असतानाही हे बरोबर चालतं का, बघून सांगाल का, असं त्यानं विचारलं होतं. डबा टेबलावरच होता. मी बॅटरी उतरू दिली, खोलीला कुलूप लावलं, खाली बाकड्यावर जाऊन बसले. रोज बघितलं, रोज दिवा लागत होता. मी तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं, "आभार, करुणा." मी एक दिवस तसंच राहू दिलं.

मग लिहिलं. की मी अनुराधा, दुरुस्ती करुणाची, करुणा वारली. तोवर सगळ्यांना मी तोंडानंच सांगत होते, लिहिलं नव्हतं कुठं.

त्यानं फार थोडक्यात, नीट लिहिलं. वाईट वाटलं म्हणाला. मग विचारलं, प्रत्येक दुरुस्तीसोबत करणाऱ्याचं नाव आणि मेलचा पत्ता कायमचा नोंदला जातो, तर हिच्या बाबतीत पत्ता कुठला ठेवायचा? तुझा कंपनीचा पत्ता कंपनीनं बंद केलाय. घरच्यांचा देता का, तुमचा ठेवू का, असं त्यानं विचारलं. मी गुरुजींना फोन करून विचारलं. त्यांना आधी प्रश्न कळला नाही, मग कळला. म्हणाले, "तिचाच राहू दे, बाई."

तसाच राहिला. पुढे कधी, कुठल्या तरी देशात, कुणाला तरी त्या ओळींबद्दल विचारावंसं वाटेल तेव्हा तो तुलाच लिहील आणि त्याचा मेल परत जाईल. मी एक पाठवून बघितला. परत आला.